डिस्कवर जागा पडीक, 'सी' ड्राइव्ह मात्र तुडुंब!

(प्रतिनिधी)

बुलढाणा - विंडोज १० या संगणक प्रणालीला मिळणारे नियमित सुरक्षा पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. तेव्हापासून जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न महानगरांतील कंपन्यांपेक्षा तालुक्याच्या ठिकाणची सेवा केंद्रे, शाळा, पतसंस्था आणि लहान कार्यालये यांच्यापुढे अधिक तीव्रतेने उभा आहे. प्रणाली अद्ययावत करावयास जावे, तर 'सी ड्राइव्हवर पुरेशी जागा नाही' असा संदेश पडद्यावर येतो. दुकानदार 'मशीन जुने झाले, नवीन घ्या' असा सल्ला देऊन मोकळा होतो. वास्तविक, अशा कित्येक संगणकांच्या हार्ड डिस्कवर शेकडो जीबी जागा शिल्लक असते. ती कोणत्याही ड्राइव्हच्या नावे नसते, एवढेच. ही पडीक जागा वापरात आणण्याचे तंत्र फुकट आणि जुने आहे. अभाव आहे तो ते जबाबदारीने करू शकणाऱ्या माणसांचा, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा अभाव केवळ तांत्रिक राहत नाही.

अर्जाची मुदत आणि भरलेली डिस्क

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे आणि तिचा फार मोठा भाग ग्रामीण आहे. २०११ मध्ये राज्यात 'संग्राम' म्हणजे 'संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र' प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामपंचायतींच्या कारभारात संगणकाने शिरकाव केला. पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' ही व्यवस्था आली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, २०२५ मधील 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी अशी कामे घेऊन माणसे संगणकाच्या दारात येतात. शहरातील वाचकाकडे मोबाइल, लॅपटॉप, कार्यालयातील यंत्र असे पर्याय असतात. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातील खेड्यात मात्र एक केंद्र आणि एक संगणक हीच पुष्कळदा सारी यंत्रणा असते.

सी ड्राइव्ह भरला की अशा संगणकाचे नेमके काय होते? विंडोज आपल्या तात्पुरत्या फायली सी ड्राइव्हवरच ठेवते. ब्राउझरमधून उतरविलेली पीडीएफ तेथेच जाते, स्कॅन केलेले आधार कार्ड बहुधा तेथेच साठते आणि प्रिंटरकडे पाठविलेले प्रत्येक पानही आधी तेथेच रांगेत उभे राहते. म्हणजे जागा संपली की केवळ 'संगणक मंद' होत नाही. स्कॅन अर्ध्यावर थांबते, पावती छापली जात नाही आणि सुरक्षा अद्यतने बसत नाहीत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेची कालमर्यादा मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज सादर झाल्यापासून. अर्ज सादरच होऊ शकला नाही, तर घड्याळ सुरूच होत नाही. जून-जुलैच्या प्रवेशाच्या हंगामात किंवा विम्याच्या अखेरच्या तारखेला असा संगणक अडला, तर त्याची किंमत मोजतो तो रांगेतील विद्यार्थी आणि शेतकरी. त्याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

डिस्कचा सातबारा

हार्ड डिस्क म्हणजे एक सलग शेत समजावे. पार्टिशन म्हणजे त्यात पाडलेले गट. कोणता गट कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. संगणकाच्या दृष्टीने हा तक्ता म्हणजेच सातबारा. १९८३ पासून वापरात आलेल्या 'एमबीआर' पद्धतीत या तक्त्यात केवळ चार मुख्य नोंदी मावतात आणि सुमारे दोन टीबीच्या पलीकडची जागा त्याला मोजताच येत नाही. त्यानंतरच्या 'जीपीटी' पद्धतीत विंडोज १२८ पार्टिशन ओळखते. ज्या जागेची नोंद या तक्त्यात नाही, ती 'अनअलोकेटेड', म्हणजे कोणाच्याच नावे नसलेली. जमीन जागेवर आहे, पण तिला सातबारा नाही. म्हणून तेथे कोणतीही फाइल ठेवता येत नाही आणि 'धिस पीसी'मध्ये ती दिसतही नाही. ती पाहण्यासाठी 'डिस्क मॅनेजमेंट' ही विंडोजमधील खिडकी उघडावी लागते. तेथे अशी जागा काळ्या पट्टीखाली दाखविली जाते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ५०० जीबीची डिस्क घेतली आणि ४६५ जीबीच दिसते, तेव्हा उरलेली ३५ जीबी 'अनअलोकेटेड' नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख. हा मापाचा फरक आहे, जागेचा नव्हे. ती 'हरवलेली' जागा मिळवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यापासून दूर राहिलेले बरे.

मधला अर्धा जीबी

मग खरी पडीक जागा येते कोठून? अलीकडच्या काळातील सर्वांत मोठे कारण म्हणजे डिस्कबदल. समजा, एका केंद्रातील संगणकात १२० जीबीची एसएसडी होती. ती भरली म्हणून मालकाने ४८० जीबीची नवी एसएसडी बसवून घेतली. तंत्रज्ञाने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, ज्याला 'क्लोन' म्हणतात, नव्या डिस्कवर उतरविली. प्रत हुबेहूब असल्याने गटांची मापेही जुनीच राहिली. परिणामी विंडोजच्या मोजणीने ४४७ जीबीच्या डिस्कवर जुने १११ जीबी तेवढे वापरात आले आणि सुमारे ३३५ जीबी जागा कोणाच्याही नावे न लागता पडून राहिली. ग्राहकाने पैसे मोजले चौपट डिस्कचे, हाती आली जुन्याच मापाची.

आता या जागेचा सी ड्राइव्हमध्ये समावेश करणे सोपे वाटते. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, डिस्क मॅनेजमेंटमध्येच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' आणि 'श्रिंक व्हॉल्यूम' या सोयी आहेत. त्यापूर्वी यासाठी 'पार्टिशन मॅजिक'सारखे विकतचे सॉफ्टवेअर लागत असे. परंतु प्रत्यक्षात सी ड्राइव्हवर उजवी टिचकी मारली, तर पुष्कळदा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिका पडलेला दिसतो. जागा समोर आहे, पण घेता येत नाही. येथेच बहुतेक जण हात टेकतात.

कारण सरळ आहे. विंडोजची ही सोय केवळ लगतची जागा जोडून घेते आणि तीही सी ड्राइव्हच्या उजव्या अंगाची. क्लोन केलेल्या डिस्कवर सी आणि पडीक जागा यांच्या मध्ये साधारण अर्ध्या जीबीचे एक 'रिकव्हरी पार्टिशन' बसलेले असते. संगणक सुरूच होईनासा झाला, तर त्याला सावरणारी साधने या चिंचोळ्या पट्टीत असतात. मायक्रोसॉफ्ट ती विंडोजच्या पार्टिशननंतर लगेच ठेवण्याची शिफारस करते. अर्धा एकराची परकी पट्टी आड आली म्हणून पलीकडची पडीक जमीन आपल्या शेतात घेता येऊ नये, तशातला हा प्रकार.

यावर मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे 'जीपार्टेड'सारख्या मुक्त साधनाने ती पट्टी डिस्कच्या टोकाला सरकविणे आणि मग मोकळी जागा सी ड्राइव्हला जोडणे. हे साधन २००४ पासून उपलब्ध आहे आणि पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ते चालविता येते. दुसरा मार्ग म्हणजे रिकव्हरीची व्यवस्था आधी रीतसर बंद करणे, पट्टी काढणे, सी वाढविणे आणि शेवटी थोडी जागा राखून पट्टी पुन्हा उभी करणे. दुसऱ्या मार्गात 'आधी रीतसर बंद करणे' ही पायरी महत्त्वाची. ती केली की सावरण्याची साधने सी ड्राइव्हवर परत येतात. ती वगळून पट्टी पुसली, तर ती साधनेही पट्टीबरोबर नाहीशी होतात.

'डी' रिकामा, तरी 'सी' उपाशी

दुसरा प्रकार आपल्याकडे त्याहून परिचित आहे. दुकानात जोडून घेतलेल्या संगणकात डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देण्याची प्रथा एक्सपीच्या काळापासून रूढ झाली. विंडोज बिघडले तर सी पुसायचा आणि डी-वरील कागदपत्रे वाचवायची, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. परंतु सी-ला त्या काळी पुरेसे वाटलेले माप आज अपुरे पडते. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी साठवणूक लागते आणि वापरात ती गरज वाढतच जाते. 'डेस्कटॉप'वर ठेवलेली प्रत्येक फाइलही मुळात सी-वरच असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे डी निम्मा रिकामा आणि सी तुडुंब, अशी विषमता तयार होते.

येथे सर्वाधिक चूक होते ती दिशेची. डी ड्राइव्ह लहान केला की मोकळी होणारी जागा डी-च्या शेवटाकडे निघते, सी-च्या लगत नव्हे. म्हणजे एवढी खटपट करून पडीक जागा आणखी एक तयार होते आणि सी आहे तेथेच राहतो. डी-मधील सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर हलवून, डी काढून, सी वाढवून उरलेल्या जागेत नवा डी करणे हा विंडोजमधील खात्रीचा मार्ग. अन्यथा संपूर्ण डी उजवीकडे सरकवावा लागतो. तसे करताना त्यातील प्रत्येक फाइल डिस्कवर नव्या ठिकाणी लिहिली जाते. शेकडो जीबीच्या जुन्या, फिरत्या डिस्कवर या कामाला कित्येक तास लागू शकतात. या तासांत वीज गेली तर काय होईल, हे ग्रामीण विदर्भातील वाचकाला सांगण्याची गरज नाही.

अर्थात प्रत्येक वेळी गटफोड करावी लागतेच असे नाही. जुन्या विंडोजची राहिलेली फोल्डर, तात्पुरत्या फायली, 'डाउनलोड्स'मधील वर्षानुवर्षांचा साठा एवढे काढले तरी अनेकदा काम भागते. शस्त्रक्रियेपूर्वी पथ्य करून पाहावे, तसेच हे.

जानेवारी २०२४ चा धडा

हा विषय केवळ जुन्या यंत्रांचा किंवा आडगावच्या दुकानांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे सुरक्षा अद्यतन दिले. डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या 'बिटलॉकर'ला बगल देता येईल अशी एक त्रुटी त्यातून बुजविली जाणार होती. ते बसण्यासाठी रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत असे. ती नसलेल्या जगभरातील संगणकांवर ०एक्स८००७०६४३ हा त्रुटी-क्रमांक पुन्हा पुन्हा दिसू लागला. कंपनीने उपाय सांगितला तो असा, की वापरकर्त्यांनी आज्ञा टाइप करून सी ड्राइव्ह २५० एमबीने लहान करावा आणि रिकव्हरी पार्टिशन पुन्हा मोठे करून घ्यावे. या अडचणीवर आपोआप लागू होणारा तोडगा मिळणार नाही, असेही पुढे स्पष्ट करण्यात आले.

तंत्रज्ञ सांभाळणाऱ्या बँकेला हे जमले असेल. शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा केंद्रचालकाला डिस्कचा तक्ता हाताने बदलावयास सांगणे म्हणजे पक्षकारालाच मोजणीची साखळी हातात देण्यासारखे होते. पार्टिशनचे ज्ञान ही आता हौशी मंडळींची कला उरलेली नाही. संगणक सुरक्षित ठेवण्याची ती एक पूर्वअट झाली आहे.

मोकळी, पण रिकामी नव्हे

या साऱ्यात एका धोक्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पार्टिशन काढले की तक्त्यातील नोंद जाते, मजकूर नव्हे. फिरत्या डिस्कवर त्या जागेत नवे काही लिहिले जाईपर्यंत जुन्या फायली तशाच असतात. सातबाऱ्यावरील नाव कमी झाले म्हणून उभे पीक नाहीसे होत नाही, तसेच हे. म्हणूनच चुकून काढलेले पार्टिशन 'टेस्टडिस्क'सारख्या मुक्त साधनाने पुष्कळदा परत मिळविता येते. मात्र त्या डिस्कवर त्यानंतर काहीही लिहिता कामा नये. एसएसडीच्या बाबतीत ही आशा फार धरू नये, कारण काढलेली माहिती ती स्वतःहून पुसून टाकू शकते.

याचीच दुसरी बाजू चिंताजनक आहे. सेवा केंद्रातील जुन्या डिस्कच्या 'मोकळ्या' जागेत शेकडो नागरिकांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि उत्पन्नाचे कागद दडलेले असू शकतात. अशी डिस्क दुरुस्तीला देताना किंवा भंगारात घालताना ती पूर्ण पुसली जाते काय? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्यांवरील जबाबदारी यापुढे वाढतच जाणार आहे. 'ड्राइव्ह फॉरमॅट केला होता' एवढे उत्तर त्या वेळी पुरणार नाही.

जागा वेगळी, पाठबळ वेगळे

'जागा नाही' आणि 'पाठबळ संपले' हे दोन प्रश्न मात्र एकमेकांत मिसळता कामा नयेत. सी ड्राइव्ह वाढविल्याने पहिला सुटतो, दुसरा नाही. विंडोज ११ ला जागेखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती, सिक्युअर बूटची सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर या यादीत आहेत. प्रोसेसर योग्य असूनही डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर 'एमबीआर टू जीपीटी' या विंडोजमधीलच साधनाने फायली न पुसता ती बदलता येते. मात्र त्यासाठी डिस्कवर मुख्य पार्टिशन तीनपेक्षा अधिक नसावीत. तुकडे फार पाडले की पुढची वाट बंद होते. जमिनीच्या तुकडेबंदीची कारणे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे नवे वाटू नये.

जे संगणक या कसोटीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीने वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय जाहीर केली. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तर संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंतची. संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा तिचा दर ठरला. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. जुन्या यंत्रावर एवढा खर्च करणे लहान कार्यालयाला शहाणपणाचे ठरणार नाही.

उरतो तो लिनक्सचा पर्याय. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' प्रणाली २००७ पासून उपलब्ध असून ती मराठीसह भारतीय भाषांना आधार देते. केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे संगणक शिक्षण चालविले आहे. येथे पडीक जागा पुन्हा उपयोगी पडते. विंडोज न काढता त्या जागेत लिनक्स बसविता येते आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एक निवडता येते. अर्थात बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर लिनक्सवर चालतात की नाही, हे आधी तपासून मगच केंद्रात असा बदल करावा. शाळांच्या संगणक कक्षांत मात्र ही अडचण फारशी येऊ नये.

'कॅनालिस' या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार विंडोज १० चे पाठबळ संपल्याने जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. त्यातील किती खरोखर निकामी आणि किती केवळ जागेअभावी मोडीत काढले जातील, हा फरक कोणी तरी तपासल्याखेरीज समजणार नाही.

जिल्ह्याने काय करावे?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पहिले काम पाहणीचे. नवीन संगणकांची मागणी नोंदविण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने, शाळेने आणि केंद्राने डिस्क मॅनेजमेंटची खिडकी उघडून चार गोष्टी लिहून काढाव्यात. डिस्कचे एकूण माप, सी-चे माप, कोणाच्याही नावे नसलेली जागा आणि प्रोसेसरची पिढी. एका संगणकाला यासाठी पाच मिनिटे पुरतात. यातून कोणते यंत्र केवळ जागा जोडून चालेल, कोणते लिनक्सवर जाईल आणि कोणते खरोखर बदलावे लागेल, याचे चित्र स्पष्ट होईल.

दुसरे काम माणसे तयार करण्याचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'कोपा' म्हणजे संगणकचालक व्यवसायाचे प्रशिक्षणार्थी या कामासाठी योग्य आहेत. शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली तालुकानिहाय शिबिरे घेतली, तर त्यांना खऱ्या यंत्रांवर हात बसविता येईल आणि केंद्रचालकाला विश्वासाचा माणूस मिळेल. तिसरे काम सामग्रीचे. प्रत्येक तालुक्याला एक चांगला यूपीएस आणि दोन मोठ्या बाह्य डिस्क एवढी सामग्री आरंभासाठी पुरेशी ठरेल.

चौकट : हात लावण्यापूर्वी

- सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवरील प्रत ही प्रत नव्हे.
- संगणक यूपीएसवर असावा. लॅपटॉप असल्यास बॅटरी पूर्ण भरून चार्जर जोडलेला ठेवावा.
- बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून ठेवावी आणि काम पूर्ण होईपर्यंत ते स्थगित करावे.
- काम सुरू करण्यापूर्वी डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे.
- 'डायनॅमिक डिस्कमध्ये रूपांतर करावयाचे काय?' असा प्रश्न विंडोजने विचारल्यास 'नाही' म्हणावे. ते स्वीकारल्यास मागे फिरणे अवघड होते.
- रिकव्हरी किंवा ईएफआय असे नाव असलेले लहान पार्टिशन निरुपयोगी समजून काढू नये. ईएफआय गेले तर विंडोज सुरूच होणार नाही.
- डिस्क खरखर आवाज करीत असेल किंवा फायली उघडताना अडखळत असेल, तर पार्टिशनचे काम करूच नये. आधी माहिती वाचवावी, मग डिस्क बदलावी.

हिशेब कोणी मागायचा?

संगणकीकरणाची प्रगती आपल्याकडे आजवर यंत्रांच्या संख्येवर मोजली गेली. किती गावांत संगणक पोहोचले, किती केंद्रे उघडली, याचे तक्ते प्रसिद्ध होतात. पोहोचलेल्या यंत्राची क्षमता किती वापरली जाते, हा रकाना त्या तक्त्यांत नसतो. परिणामी पैसे मोजून घेतलेली डिस्क अर्धी पडीक राहते आणि त्याच वेळी जागा नाही म्हणून अर्ज अडतो. नवीन संगणकाच्या प्रत्येक मागणीपत्रासोबत जुन्या डिस्कच्या पाहणीचा एक कागद जोडणे बंधनकारक केले, तरी या विसंगतीला बराच आळा बसेल. तो कागद मागण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाकडे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या नव्या प्रणालीची वाट पाहावी लागत नाही.